लायनर लॉक झिजलं की चाकू बोटावर का मिटतो

मोर्शीकडच्या एका संत्रा बागायतदार भावाचा प्रश्न आहे. दीड-दोन वर्षांपूर्वी त्यांनी लायनर लॉकचा, म्हणजे उघडलेलं पातं मुठीतली पत्ती अडवून धरते असा, घडीचा चाकू ऑनलाइन मागवला. तेव्हापासून तो रोज खिशात असतो आणि वावरातली सगळी कामं त्यानंच होतात. अलीकडे पातं उघडल्यावर थोडं वरखाली हलायला लागलं होतं. मागच्या आठवड्यात पोटॅशच्या गोणीत टोक खुपसून ती फाडताना चाकू हातातच मिटला, तर्जनीला आतल्या बाजूनं खोल कापलं, टाके घालावे लागले. ते विचारतात, लॉक मुळात खराब होतं की वापरून झिजलं? दुरुस्त होईल का, की बॅक लॉकचा नवा घ्यावा? आणि सालदाराच्या हातात कोणता चाकू द्यावा?

भाऊ, चाकूचं नंतर पाहू, आधी बोट. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की बोटाचं टोक अजून बधिर वाटतं. सगळ्या पत्रात मला तीच ओळ महत्त्वाची वाटली. बोटाच्या आतल्या बाजूला, कातडीच्या फार खोल नाही, दोन्ही कडांनी संवेदनेच्या नसा जातात आणि मधून बोट वाकवणारे टेंडन जातात. घडीचा चाकू मिटतो तेव्हा धार नेमकी तिथंच येते. वरची कातडी शिवली म्हणजे आतलं शिवलं गेलं असं होत नाही. डॉक्टरांना विचारून, टाक्यांवर ताण न देता एवढं पाहा: बोटाचं मधलं पेर दुसऱ्या हातानं धरून ठेवल्यावर फक्त शेवटचं पेर वाकतं का? वाकत नसेल, किंवा बधिरपणा तसाच असेल, तर हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना अमरावतीला किंवा नागपूरला या एक-दोन दिवसांतच दाखवा. तुटलेल्या टेंडनचं टोक दिवसागणिक मागं सरकत जातं आणि मग ते जोडणं अवघड होतं. खताच्या गोणीची जखम ही मळकी जखम धरतात. टिटॅनसचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर तेही विचारून घ्या. हळद-चुना काही भरला असेल तर तसं डॉक्टरांना सांगा.

आता चाकू. माझ्या दुकानात असे चाकू घेऊन येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलतात: "लॉक त लागते न भाऊ, मंग मिटला कायनं?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर या लॉकच्या रचनेतच आहे.

चाकू उघडा, धार स्वतःपासून दूर धरा आणि मुठीच्या ज्या फटीत पातं मिटतं त्या फटीतून पात्याच्या बुडाकडे पाहा. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पातळ पोलादी पत्र्याचं अस्तर असतं, तेच लायनर. त्यातल्या एकाला लांब चीर देऊन एक पत्ती मोकळी केलेली असते आणि ती आतल्या बाजूला थोडी वाकवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ही पत्ती स्प्रिंगसारखी आत सरकते आणि पात्याच्या बुडामागं जाऊन उभी राहते. पातं एका बाजूनं मुठीत आडव्या बसवलेल्या स्टॉप पिनवर टेकलेलं आणि दुसऱ्या बाजूनं पत्तीनं अडवलेलं, असं दोघांमध्ये अडकून राहतं. बुडाचं तोंड सरळ काटकोनात कापलेलं नसतं. त्याला साधारण सात-आठ अंशांचा उतार असतो. त्यामुळं पत्ती कुऱ्हाडीच्या दांड्यातल्या पाचरीसारखी काम करते: जितकी आत जाईल तितकी घट्ट.

पत्तीचं लॉक जुनंच आहे. इलेक्ट्रिशियनच्या चाकूत स्क्रूड्रायव्हरचं पातं धरून ठेवायला ते पूर्वीपासून वापरात होतं. १९८० च्या सुमारास मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिरानं त्याला आजचं रूप दिलं. या रचनेचा मोठा गुण असा की झीज झाली तरी फट पडत नाही. बुडाचं तोंड किंवा पत्तीचं टोक थोडं झिजलं की पत्ती उतारावरून थोडी आणखी आत सरकते आणि पुन्हा घट्ट बसते. हातात चाकू पहिल्या दिवसासारखाच लागतो.

गुण आहे खरा, पण धोकाही त्यातच आहे. लॉक आपली झीज आपणच भरून काढतं, म्हणून ती हाताला कळत नाही. पत्ती सरकत सरकत पलीकडच्या लायनरला जाऊन टेकली की पुढं सरकायला जागाच उरत नाही. त्यानंतर जी झीज होते ती भरून निघत नाही आणि पातं वरखाली हलायला लागतं. तुम्हाला हालचाल जाणवली त्या दिवशी लॉकची सगळी शिल्लक संपलेली होती. लोकांना वाटतं, ही खराब होण्याची सुरुवात आहे. प्रत्यक्षात तो शेवट असतो.

झीज किती लागते याचा हिशेब करून पाहा. उतार आठ अंशांचा असेल तर तोंडाची ०.१ मिलिमीटर झीज झाली की पत्ती सुमारे ०.७ मिलिमीटर पुढं जाते. वहीच्या एका पानाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. बुडाची जाडी तीन मिलिमीटर धरली तर एका पानाएवढ्या झिजेत जवळजवळ पाव लॉक खर्च होतं. नव्या चांगल्या चाकूत पत्ती बुडाच्या जाडीच्या पाव ते निम्म्या भागावर बसलेली दिसते. तीन चतुर्थांशाच्या पुढं गेली की मी गिऱ्हाइकाला सांगतो, आता लक्ष ठेवा. पलीकडं टेकली की सांगतो, हा खिशातून काढून ठेवा.

पात्याचं पोलाद पाणी देऊन कडक केलेलं असतं, पत्ती त्याहून नरम असते, म्हणून झिजते ती बहुधा पत्ती. स्वस्त चाकवांत पत्ती एक मिलिमीटरहूनही पातळ आणि फारच नरम असते. नामी कंपन्यांच्या चाकवांच्या हुबेहूब नकला ऑनलाइन विकल्या जातात, त्यांत हे हमखास दिसतं. बाहेरून मूठ, रंग, छाप सगळं तेच, आतली पत्ती मात्र डब्याच्या पत्र्यासारखी वाकते.

झीज वाढवणारी सवय एकच, पण ती फार पसरली आहे: झटका देऊन चाकू उघडणं. पातं फाडकन उघडलं की त्याचं वजन जाऊन स्टॉप पिनवर आदळतं आणि त्याच क्षणी पत्ती बुडाच्या तोंडावर आपटते. पोरं बसल्या बसल्या करमणूक म्हणून हे करत राहतात. त्या एका बैठकीत लॉकला जेवढे तडाखे बसतात तेवढे वावरातल्या महिनाभराच्या कामात बसत नाहीत. अंगठ्यानं, सावकाश, शेवटपर्यंत उघडा आणि पत्ती बसल्याचं डोळ्यानं पाहा.

आता गोणीजवळ नेमकं काय घडलं ते. कापताना जोर धारेवर येतो आणि पातं उघडण्याच्या दिशेनं ढकललं जातं. तो जोर स्टॉप पिन सोसते, लॉकला काही करावं लागत नाही. त्यामुळं पूर्ण झिजलेल्या लॉकचा चाकूही साध्या कापण्यात महिनोन् महिने बिनबोभाट चालतो. टोक खुपसलं, ते विणलेल्या प्लॅस्टिकच्या पोत्यात अडकलं आणि तुम्ही हिसका देऊन मागं ओढलं की जोर पात्याच्या पाठीवर येतो. तेव्हा सगळा भार पत्तीवर असतो. त्यात मनगट पिळलं तर लायनर किंचित फाकतात आणि पत्तीची बुडावरची बैठक बिघडते. आणखी एक गोष्ट होते. पत्ती दाबून लॉक सोडण्यासाठी मुठीत जी खाच दिलेली असते, तिच्यातून तर्जनीचं मांस आत जातं. मूठ करकचून आवळली की तेच मांस पत्तीला सुटण्याच्या बाजूला ढकलू शकतं. हातमोजे घातले असतील तर हे जास्तच. झिजलेली पत्ती, पाठीवरचा जोर, पिळवटणं आणि आवळलेली मूठ, ही चारही त्या गोणीजवळ एकत्र आली असणार.

तुमच्या चाकूचं लॉकच झिजलं की दुसरं काही आहे, हे घरी तपासता येतं. पण बोट बरं झाल्यावर, आणि त्या हातानं नाही.

आधी धार झाका. १६ मिलिमीटरच्या ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा घ्या, कात्रीनं उभा चिरा आणि धारेवर चढवा. वरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. आता पातं उघडून पाठीवर अंगठ्यानं हळूहळू, वाढता दाब द्या. मूठ अशी धरा की पातं मिटलंच तर त्याच्या वाटेत बोट नसेल. दाब देताना पत्तीकडं पाहा. ती जागची हलता कामा नये, बारीकसा टिकटिक आवाजही येता कामा नये. पत्ती सुटण्याच्या दिशेनं केसभर जरी सरकली तरी त्या चाकूवर भरवसा संपला. पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासायची पद्धत काही लोक दाखवतात, ती करू नका. तडाख्यानं पत्ती उसळू शकते, म्हणजे चांगलं लॉकही कधी सुटतं, आणि तडाख्यानं तोंडाला जे व्रण पडतात ते कायमचे राहतात.

मग हालचाल कोणती आहे ते ओळखा. पातं डावी-उजवीकडं डुलत असेल तर ते लॉकचं दुखणं नाही, पातं ज्याभोवती फिरतं तो पिव्हट स्क्रू ढिला झालाय. बहुतेक चाकवांना तिथं चांदणीच्या आकाराचा टी-८ बिट लागतो, मुठीच्या स्क्रूंना टी-६. स्क्रू थोडा थोडा आवळा, दर वेळी पातं उघडमिट करून पाहा, आणि डुलणं थांबलं की तिथंच थांबा. जास्त आवळला तर पातं जड चालतं, लोक मग जोर लावून उघडतात. स्क्रू सारखा ढिला होत असेल तर काढून, पुसून, निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू जागी धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, टाचणीच्या डोक्याएवढा थेंब लावा. लाल लावू नका, तो तापवल्याशिवाय निघत नाही. मोटारसायकलच्या डिकीत पडून राहणाऱ्या चाकवांचे स्क्रू मला ढिले सापडतात, त्यामुळं चाकू डिकीत ठेवणाऱ्यांनी हे महिन्याला एकदा पाहावंच.

वरखाली हलत असेल तर स्टॉप पिन काढून काचेवर लोळवून पाहा. झटक्यानं उघडणाऱ्यांच्या पिनेला एका बाजूनं सपाट चट्टा पडलेला असतो आणि ती लोळताना लंगडते. अशी पिन पात्याला हवं त्याहून थोडं जास्त उघडू देते, त्यामुळं पत्ती आणखी पुढं जाते. पिन गोल फिरवून नवी बाजू पात्यासमोर आणली तर काही वेळा तेवढ्यानंही पत्ती मागं येते. खरी दुरुस्ती म्हणजे तिच्या जागी केसभर जाड, कडक केलेली पिन बसवणं. पिन ०.१ मिलिमीटरनं जाड झाली की पातं त्या वाढीच्या निम्म्या अंतरानं आधी थांबतं आणि पत्ती साधारण तिसरा हिस्सा मिलिमीटर मागं येते. ज्याच्याकडं व्हर्नियर आणि योग्य पिन आहे त्याच्यासाठी हे तासाभराचं काम आहे.

याशिवाय जे उपाय केले जातात ते मला अजिबात पटत नाहीत. पत्ती पकडीनं जास्त वाकवतात, त्यानं तोंडावरचा दाब वाढून झीज जलद होते आणि पुढची जागा तर संपलेलीच असते. पत्तीचं टोक हातोडीनं ठोकून लांबवतात. ठोकलेली कड उंचसखल होते, दोन-चार ठिकाणीच टेकते आणि थोड्या दिवसांत चेपते. बुडाचं तोंड कानशीनं घासणं तर सगळ्यात वाईट. सात-आठ अंशांचा उतार हातानं कानस मारून राखता येत नाही. उतार दहा-बारा अंशांवर गेला की पाठीवर जोर आल्यावर पत्ती बाजूला ढकलली जाते. असं घासलेलं लॉक हाताला घट्ट लागतं, म्हणून जास्त फसवं.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, पत्ती पलीकडं टेकली आहे आणि एकदा भारानं घसरलीही आहे. घसरताना टोकाची कड गोल झालेली असणार. जाड पिन घालून पत्ती मागं आणली तरी ती गोल कडेवर बसेल. चाकू महागाचा असेल तर कंपनीकडं पाठवा, काही कंपन्या पत्ती किंवा पातं बदलून देऊ शकतात. दोन-चारशे रुपयांचा असेल तर मोडीत काढा. फेकताना पातं शिकंज्यात धरून मोडा, म्हणजे कचऱ्यातून उचलून दुसरं कुणी तो खिशात घालणार नाही.

बॅक लॉक घ्यावं का? आपल्या कामाला मी लायनरपेक्षा बॅक लॉकला पसंती देतो, पण आपल्या काळ्या मातीत त्याचं स्वतःचं एक दुखणं आहे. यात मुठीच्या पाठीत एक दांडी असते, तिचा आकडा पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो आणि मागची स्प्रिंग तो दाबून धरते. १९६४ साली आलेल्या बक ११० या चाकूनं हे लॉक जगभर रूढ केलं. बोटं लॉकच्या वाटेत येत नाहीत, मिटवताना अंगठा धारेसमोर न्यावा लागत नाही, हे मोठे फायदे. पण सगळी मदार त्या खाचेवर आहे. ओली काळी माती खाचेत शिरते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. संत्र्याचा चीक, कापसाचे तंतू, खिशातला भुगा त्यात मिसळतो. आकडा खाचेच्या तळाला न जाता मातीवर बसतो. खट्ट असा आवाज येतो, पातं हलतही नाही, पण पकड मात्र निम्मीच असते. इथंही दोष लपतो.

पाहायचं ते असं. चाकू उघडून पाठीवरून बोट फिरवा. नवीन असताना दांडी मुठीच्या पाठीला जिथं लागत होती तिथंच लागली पाहिजे. बहुतेक चाकवांत ती सपाट बसते. केसभर उंच लागली तर खाचेत घाण आहे. तुराटीची बारीक अणकुची करून खाच कोरा, कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं घासा, उन्हात पूर्ण वाळवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पिव्हटला आणि एक दांडीच्या पिनेला. गोडं तेल घालू नका, ते चिकटतं आणि धूळ धरून ठेवतं. लायनर लॉकच्या तोंडाला मात्र कुठलंच तेल नको, तिथं घर्षण हवं असतं. मूठ आवळून धरल्यावर तळहात दांडीच्या सोडायच्या भागावर पडतो का, तेही विकत घेताना पाहा. ज्या चाकवांत त्या जागी दांडीला खोलगट भाग दिलेला असतो त्यांत चुकून दाब पडत नाही.

फिरत्या कड्याचा ओपिनेल हा फ्रेंच चाकू काही जण वापरतात. कडं फिरवून पातं अडवायची ती युक्ती १९५५ सालची आहे, साधी आणि भक्कम. त्याची लाकडी मूठ आपल्या पावसाळ्यात फुगते आणि पातं जाम होतं. तेव्हा ओढाताण न करता मूठ वाळू द्यावी. कडं घट्ट लागेपर्यंत फिरवलं नाही तर लॉक लागलेलंच नसतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता बिनलॉकचे चाकू, कारण आपल्या भागात तेच जास्त. वरूडकडं, शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधायचे, म्हणजे कलम करायचे, दिवस आले की प्रत्येक बांधणाऱ्याच्या हातात कलमाचा घडीचा चाकू असतो. त्यात लॉक नसतं, पाठीची स्प्रिंग फक्त पातं उघडं धरून ठेवते. टी आकाराचा काप घ्यायला, डोळा काढायला हा चाकू उत्तम, कारण सगळा जोर धारेवर असतो. अडचण साल उचलताना येते. काही चाकवांत साल उचलायचा उंचवटा पात्याच्या पाठीवरच दिलेला असतो. तो सालीखाली सारून उचलताना पाठीवर जोर येतो, म्हणजे तुम्ही स्वतःच पातं मिटण्याच्या दिशेनं ढकलता. स्प्रिंग ताजी असेल तोवर निभावतं. हंगामभर हजारो डोळे बांधल्यावर ती सैल होते, आणि बांधणाऱ्याचं लक्ष चाकूकडं नाही, डोळ्याकडं असतं. म्हणून साल उचलायची पट्टी मुठीच्या दुसऱ्या टोकाला असलेला चाकू घ्या. पितळी किंवा प्लॅस्टिकची ती पट्टी सालीलाही कमी इजा करते.

स्प्रिंगची परीक्षा सोपी आहे. पातं पाठीकडून धरून सावकाश मिटवत न्या, शेवटच्या थोड्या भागात ते स्वतःहून ओढलं जाऊन बसलं पाहिजे. ओढलं न जाता मध्येच थांबलं तर आधी धुऊन तेल द्या. तरी तसंच राहिलं तर स्प्रिंगवर, पिनेच्या आसपास, बारीक तडा आहे का ते भिंगातून पाहा. रिव्हेट ढिला असेल तर ऐरणीवर ठेवून छोट्या हातोडीनं हलके ठोके देऊन आवळता येतो. तडा गेलेली स्प्रिंग दुरुस्त होत नाही.

रोपवाटिकेत आणखी एक शत्रू आहे, आणि तो आपणच आणतो. रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून चाकू सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवतात. ते केलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण ते द्रावण पोलाद खातं. पातं पुसलं जातं, घडीच्या आत गेलेलं द्रावण तिथंच राहतं आणि स्प्रिंगला, रिव्हेटला आतून गंज चढतो. पोटॅश खतातलं क्लोराइडही हेच करतं. बोर्डो मलमातलं मोरचूद लोखंडाला लागलं तर तेही गंज आणतं. बाहेरून लखलखीत दिसणाऱ्या कित्येक चाकवांच्या आतल्या स्प्रिंगा मी भुसभुशीत झालेल्या काढल्या आहेत. संध्याकाळी चाकू उघडून साध्या पाण्याखाली घडीतून पाणी वाहू द्या, झटका, पुसा, वाळवा, तेल द्या. हात धुताना पाच मिनिटांत होतं.

मिटलेल्या चाकूचीही एक तपासणी आहे, ती कुणी करत नाही. लायनर लॉकच्या पत्तीवर एक इवलीशी गोळी ठोकून बसवलेली असते. पातं मिटलेलं असताना ती बुडातल्या खळग्यात बसून पातं आत धरून ठेवते. खळगा झिजला की चाकू खिशात आपोआप उघडतो. निंदायला उकिडवं बसलं, वाकून धुऱ्यावर चढलं, की टोक मांडीकडं. मिटलेला चाकू जाड कापडावर, पातं खाली सुटेल असा धरून दोन-तीनदा हलवा. पातं बाहेर डोकावलं तर तो खिशात ठेवायचा नाही.

मिटवण्याची रीतही सांगतो. लायनर लॉक सोडताना अंगठा धारेच्या वाटेत असतोच, त्याला इलाज नाही. म्हणून पत्ती दाबा, दुसऱ्या हातानं पात्याची पाठ धरून ते थोडंसं वळवा, पत्ती बुडावरून सुटली की अंगठा पूर्ण बाहेर काढा, आणि मगच पातं मिटवा. एका हातानं मांडीवर दाबून मिटवू नका.

आणि बरीचशी कामं चाकूची नाहीतच. गोणीची शिलाई साखळी टाक्याची असते. एका टोकाचा दोरा सोडवून ओढला की ती सरसर उसवते. एका टोकानं उसवली नाही तर दुसरं टोक धरा. पोतंही शाबूत राहतं, बारदाना म्हणून कामाला येतं. ठिबकच्या नळीला सिकेटर (छाटणीची कात्री) किंवा पाइप कटर वापरा, भोक पाडायला ठिबकचं पंच मिळतं. चाकूच्या टोकानं नळीत भोक पाडणं म्हणजे पाठीवर जोर देण्याचाच प्रकार आहे, आणि भोकही गळकं होतं. डब्याचं झाकण उचकटायला स्क्रूड्रायव्हर घ्या.

सालदाराच्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट आहे: घडीचा चाकू देऊच नका. दिवसभर घामेजल्या हातांनी, घाईत, मिळेल त्या कामाला चाकू वापरणाऱ्या माणसाच्या बोटांची जबाबदारी एका मिलिमीटरच्या पत्तीवर टाकणं मला मान्य नाही. गावच्या लोहाराकडून चार-पाच बोटं लांब पात्याची सुरी करून घ्या. पात्याचं बूड मुठीत शेवटपर्यंत गेलेलं असावं आणि हात धारेवर घसरू नये म्हणून मुठीला पुढं उंचवटा असावा. जिच्यात हलणारा सांधाच नाही तिच्यात झिजायला लॉकही नाही. तिला म्यान मात्र हवंच. पातळ पीव्हीसी पाइपचा तुकडा उकळत्या पाण्यात मऊ करा, चिमट्यानं काढून दोन फळ्यांमध्ये दाबा. पात्याच्या जाडीची लाकडी पट्टी आत ठेवली तर फट बरोबर राहते. पाइप थेट आगीवर धरू नका, जळलेल्या पीव्हीसीचा धूर वाईट असतो. थंड झाल्यावर तोंडाजवळ दोन भोकं पाडून कमरेच्या पट्ट्याला दोरी ओवा, आणि एक भोक अगदी तळाशी ठेवा, म्हणजे धुतलेल्या सुरीचं पाणी आत साचणार नाही.